शाळेत माणूस घेताना पोलीस पडताळणी : कुठून सुरू करायचं आणि कुठे चुकतं

शाळेत नवीन शिपाई, मावशी, बसचा अटेंडंट किंवा शिक्षक घ्यायचा ठरला की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य बोललं जातं, "पोलीस व्हेरिफिकेशन करून आणून दे हं." मग तो माणूस सोमवारपासून कामाला लागतो, दाखला येतो कधीतरी नंतर, आणि कित्येकदा येतच नाही, फाइलला नुसती ऑनलाइन पैसे भरल्याची पावती लावलेली असते. तपासणीचा दिवस आला की मग धावपळ. संस्थेच्या शाळांच्या कर्मचारी फायली बघायचं काम माझ्याकडे आहे आणि त्याच त्याच चुका परत परत दिसतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. हे महाराष्ट्रातल्या शाळांसाठी आहे, बालवाडी आणि क्लासेसवाल्यांनीही वाचावं.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली, हे ऐच्छिक नाही. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याचे २०२० चे नियम आहेत, त्यातल्या नियम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलांशी रोजचा संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, म्हणजे शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी सगळ्यांनी, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी ठरावीक काळाने करायची. शिकवणारा असो नसो, कायम असो कंत्राटी असो. सीबीएसईने तर त्याआधीच, सप्टेंबर २०१७ मध्ये, परिपत्रक काढून शाळांना सगळ्या स्टाफची पोलीस पडताळणी करायला सांगितलं होतं. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात राज्यानेही कंत्राटी आणि बाहेरून घेतलेल्या माणसांसकट सगळ्यांची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून करून घ्यायला सांगितलं. तिथला आरोपी सफाई कर्मचारी कंत्राटी होता, एजन्सीमार्फत आलेला आणि महिनाभरही झाला नव्हता, ही गोष्ट पुढचे सगळे टप्पे वाचताना लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, पडताळणी म्हणजे फक्त पोलिसांचा दाखला नाही. नियमात "पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी" असे दोन्ही शब्द आहेत. पोलीस त्यांच्याकडची नोंद बघतात. आधीच्या शाळेने तक्रार दाबून माणसाला गुपचूप राजीनामा द्यायला लावला असेल तर ते पोलिसांच्या रेकॉर्डला कुठून येणार, ते तुम्हालाच शोधावं लागतं.

टप्पा १ : कोणाकोणाची करायची त्याची यादी

मस्टरवर बघून यादी करू नका, इथेच पहिली चूक होते. मस्टरवर नसलेली माणसंच जास्त असतात. एक दिवस शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत गेटवर वही घेऊन बसा आणि आत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लिहा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक, पोषण आहाराच्या स्वयंपाकी ताई आणि त्यांच्या मदतनीस, वॉचमन आणि त्याचा रात्रीचा बदली, बस-व्हॅनचे ड्रायव्हर आणि अटेंडंट, कॅन्टीनचा पोरगा, कॉम्प्युटर लॅबचा टेक्निशियन, कराटे-कबड्डीचे कोच, स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर डान्स बसवायला येणारा मुलगा. आणि हो, संस्थाचालकांचा भाचा जो "मदतीला" येतो तोसुद्धा.

ज्याचा मुलांशी वारंवार संबंध येतो त्याची पूर्ण पडताळणी. प्लंबर, वायरमन असे एखाद्या दिवशी येणारे असतील तर पडताळणी नाही, पण ते शाळा सुटल्यावर येतील नाहीतर शाळेचा माणूस सोबत राहील, हे लिहून ठेवा.

तपासा : यादीत प्रत्येकासमोर तीन रकाने आहेत का, काम काय, मुलांशी संबंध किती, आणि नेमणूक कोणाकडून (शाळा, संस्था की एजन्सी).

टप्पा २ : फॉर्म, संमती आणि स्वयंघोषणा

हे मुलाखतीच्या दिवशीच घ्या, निवड झाल्यावर नाही. निवड झाली की माणूस आपला वाटायला लागतो आणि प्रश्न विचारायला जड जातं.

फॉर्मवर पूर्ण नाव देवनागरीत आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आधार आणि पॅनवर असेल तसंच. लग्नाआधीचं नाव, गावाकडचं नाव, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत. मागच्या दहा वर्षांतले सगळे पत्ते महिना-वर्षासकट. मागच्या सगळ्या नोकऱ्या, आणि मधे रिकामा काळ असेल तर तेव्हा काय करत होता ते. रिकामा काळ म्हणजे गुन्हा नव्हे, आजारपण असतं, बाळंतपण असतं, शेती असते, पण कोरा ठेवू देऊ नका.

स्वयंघोषणेसाठी स्टॅम्प पेपरच्या मागे लागू नका, साध्या कागदावर सही आणि तारखेसह चालेल, फक्त प्रश्न नेमके हवेत. "माझ्यावर कोणताही गुन्हा नाही" असं एका ओळीचं छापील घेतात ते निरुपयोगी आहे. वेगवेगळे विचारा :

तुमच्यावर कधी कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झालाय का, नंतर सुटला असाल तरी सांगा. सध्या कोर्टात केस चालू आहे का. कधी शिक्षा झालीय का. आधीच्या कामाच्या ठिकाणी मुलांशी वागण्यावरून तक्रार, चौकशी किंवा मेमो झालाय का. राजीनामा द्यायला सांगितलं होतं का.

आणि खाली हे वाक्य : "वरील माहिती खोटी किंवा अपूर्ण आढळल्यास माझी नेमणूक रद्द होऊ शकते हे मला मान्य आहे, तसेच शाळेने माझी पोलीस पडताळणी व मागील नोकरीच्या ठिकाणी चौकशी करण्यास माझी संमती आहे."

सावध : अठरा वर्षांच्या आतलं काही विचारू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सर्वसाधारणपणे त्या वयातल्या नोंदीमुळे पुढे कोणी अपात्र ठरत नाही.

टप्पा ३ : मूळ कागद समोर ठेवून बघणं

झेरॉक्सवर "मूळ प्रत पाहिली" असा शिक्का मारतात पण मूळ प्रत कोणी बघितलेली नसते. बघा, खरंच बघा. आधारवरचा क्यूआर कोड अॅपने स्कॅन होतो, त्यातलं नाव आणि फोटो समोरच्या माणसाशी जुळवा. डीएड-बीएडच्या मार्कशीटवरचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव, तिन्ही एक आहेत का. "गणेश" आणि "गणेशराव" हा फरक पुढे पोलिसांकडे अर्ज अडकवतो आणि त्याहून वाईट म्हणजे नोंद असूनही दुसऱ्या स्पेलिंगखाली राहून जाते.

आधारची प्रत फाइलला लावताना पहिले आठ आकडे झाकलेली, म्हणजे मास्क केलेली घ्या. संपूर्ण नंबर ऑफिसच्या कपाटात पडून राहायचं कारण नाही.

ड्रायव्हर असेल तर लायसन आणि बॅज (प्रवासी गाडी चालवायला मिळतो तो). इथे एक गैरसमज फार आहे, बॅज मिळताना पोलीस पडताळणी झालेली असते म्हणून परत नको. बॅज कधी मिळाला ती तारीख बघा, नंतरच्या काळाबद्दल तो काहीच सांगत नाही. वेगळी पडताळणी करायचीच. व्हॅन पालकांनी परस्पर ठरवलेली असली तरी तो विषय शाळेच्या परिवहन समितीत घ्या आणि ड्रायव्हरचे कागद मागवा.

टप्पा ४ : आधीच्या ठिकाणी फोन

मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते.

उमेदवाराने दिलेल्या मोबाइल नंबरवर फोन करू नका, तो त्याच्या मित्राचा असू शकतो. त्या शाळेचा नंबर स्वतः शोधा, ऑफिसला लावा, मुख्याध्यापकांशी बोला, आणि जमलं तर शाळेच्या ईमेलवरून दोन ओळींचं उत्तर मागा. फक्त शेवटच्या शाळेला नाही, मागच्या दोन-तीन ठिकाणी. एखाद्या शाळेतून वर्षाच्या मध्येच बाहेर पडला असेल तर तिथे नक्की.

काय विचारायचं? किती ते किती काम केलं, कोणत्या वर्गांना. का सोडलं. मुलांशी वागण्याबद्दल कोणाची तोंडी-लेखी तक्रार होती का. आणि शेवटी सरळ, "तुमच्याकडे जागा निघाली तर यांना परत घ्याल का?" या प्रश्नाला लोक खोटं बोलायला कचरतात. उत्तर "हो, लगेच" असेल तर ते लगेच येतं. "बघा, तसं... काम चांगलं होतं" असं लांबलं तर थांबा आणि अजून एकाशी बोला, तिथल्या एखाद्या जुन्या बाईंशी. पुरावा म्हणून धरू नका, पण सोडूनही देऊ नका.

बोलणं झालं की लगेच लिहून काढा, कोणाशी, कधी, काय म्हणाले. नगरसेवक, सरपंच, ओळखीचे डॉक्टर यांची "मी यांना ओळखतो, वर्तणूक चांगली आहे" अशी पत्रं येतात, ती यात धरायची नाहीत.

टप्पा ५ : ई-कोर्टवर नाव शोधणं

हे कोणालाही फुकट करता येतं आणि बहुतेक शाळांना माहीतच नाही. ई-कोर्ट सर्व्हिसेसच्या साइटवर केस स्टेटसमध्ये जायचं, राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचं, मग पक्षकाराचं नाव. वर्ष टाकावं लागतं, म्हणजे एकेक वर्ष करत जायचं, प्रलंबित आणि निकाली दोन्ही बघायच्या. जिथे जिथे राहिलाय त्या प्रत्येक जिल्ह्यात, आणि स्पेलिंग बदलून बदलून, कारण एकच आडनाव कोर्टाच्या क्लार्कने तीन प्रकारे टाइप केलेलं असतं. वेळ जातो, कंटाळवाणं आहे, तरी करा.

स्वयंघोषणेत एखाद्याने स्वतःहून केस सांगितली असेल तर एफआयआर नंबरवरूनही शोधता येतं, पोलीस ठाणं, नंबर आणि वर्ष टाकून. सांगितलेलं आणि कोर्टात असलेलं जुळतंय का ते कळतं.

सावध : नाव सापडलं म्हणजे तोच माणूस असं नाही. एका जिल्ह्यात एकाच नावाची दहा माणसं निघतात. नुसत्या नावावरून कोणाला काढू नका, केस नंबर लिहून ठेवा, त्यालाच विचारा आणि पोलिसांना द्या.

उलट बाजूही तितकीच खरी. काही सापडलं नाही म्हणजे काही नाही असंही नाही. पोलिसांच्या साइटवर एफआयआर टाकल्या जातात पण लैंगिक गुन्ह्यांच्या आणि पोक्सोच्या टाकत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच संवेदनशील गुन्ह्यांना तशी सूट दिलेली आहे. म्हणजे आपल्याला ज्याची भीती आहे नेमकं तेच तिथे दिसणार नाही. लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस २०१८ पासून आहे, पण तो फक्त पोलिसांसारख्या तपास यंत्रणांना बघता येतो, शाळेला नाही. म्हणूनच पुढचा टप्पा टाळता येत नाही.

टप्पा ६ : पोलिसांकडे अर्ज

महाराष्ट्रात पोलीस क्लिअरन्स सर्व्हिसेस नावाचं पोर्टल आहे, त्यावर चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी अर्ज होतो. अर्ज कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावाने, त्याच्या मोबाइलवर ओटीपी येईल असा. ताई-मावशींना जमत नाही म्हणून क्लार्क स्वतःच्या नंबरवरून सगळ्यांचे भरतो, मग पोलीस ठाण्यातून फोन क्लार्कला येतात आणि माणूस भेटत नाही म्हणून अर्ज लटकतो. शेजारी बसवून भरून द्या, नंबर त्यांचाच टाका.

क्रम असा ठेवा :

१. शाळेच्या लेटरहेडवर मागणीपत्र, त्यात काम काय आणि "मुलांशी थेट संबंध येणारं काम" हे शब्द लिहा.

२. ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो आणि सही, पोर्टल सांगेल त्या साइझमध्ये. फाइल मोठी झाली की अपलोड होत नाही, आधीच छोट्या करून ठेवा.

३. आयुक्तालय की जिल्हा ते नीट निवडा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण हे तीन वेगळे आहेत, ठाणे शहर आणि ठाणे ग्रामीण वेगळे. राहतो ते पोलीस ठाणं निवडायचं, शाळा आहे ते नाही. सगळ्यात जास्त अर्ज इथे चुकतात.

४. पैसे भरले की अर्जाची प्रिंट आणि टोकन नंबर शाळेच्या रजिस्टरला लिहा.

५. मूळ कागद घेऊन त्या माणसाने पोलीस ठाण्यात जायचं. अर्ज केला आणि घरी बसला तर पुढे सरकत नाही. ठाण्यात गोपनीयचं काम बघणाऱ्या अंमलदारांना भेटायचं.

६. तयार झाल्यावर प्रमाणपत्र पोर्टलवरून शाळेने स्वतः डाउनलोड करा, कर्मचाऱ्यासमोर, त्याच्या लॉगिनमधून. त्याने आणून दिलेली कलर प्रिंट घेऊ नका.

दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न मुंबई-पुण्याकडे रोजचा आहे. चार महिन्यांपूर्वी आलेल्या वॉचमनची इथली नोंद निरंकच, म्हणजे कोरीच येणार, त्याचा उपयोग काय? त्याच्या गावच्या पोलिसांचा दाखला वेगळा मागा. उत्तर प्रदेशात यूपीकॉप अॅपवर अर्ज होतो, बिहारमध्ये आरटीपीएस या सरकारी ऑनलाइन सेवेवर आचरण प्रमाणपत्र मिळतं. परदेशात नोकरी करून आलेले शिक्षक असतील तर त्या देशाच्या पोलिसांचं क्लिअरन्स.

सावध : हे तीन कागद चारित्र्य पडताळणी म्हणून चालत नाहीत. घरमालकाने केलेली भाडेकरू नोंदणीची पावती. पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), ते परदेशी जाण्यासाठी असतं. आणि एक-दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शाळेसाठी काढलेला दाखला.

टप्पा ७ : दाखला वाचणं

आला की फाइलला लावतात, वाचत कोणी नाही. नाव, फोटो, पत्ता, तारीख जुळतात का बघा. कोणत्या हद्दीची आणि कोणत्या काळाची नोंद बघितलीय ते वाचा. "निरंक" असेल तर ठीक, पण ते तेवढ्याच हद्दीपुरतं. फॉर्मवर दहा वर्षांत तीन जिल्हे आहेत आणि दाखला एकाचाच, तर काम अर्धं झालंय.

नोंद असेल तर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), पोलीस ठाणं आणि कलमं लिहून घ्या. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली त्यामुळे कलमांचे नंबर बदलले, जुन्या नोंदीत विनयभंगाचं ३५४ दिसेल आणि नव्यात तोच प्रकार ७४ म्हणून, बलात्काराच्या ३७६ चं ६४ झालं. क्लार्कला हे माहीत नसेल तर नंबर बघून काही कळणार नाही, एखाद्या वकिलांना दाखवा.

टप्पा ८ : नोंद निघाली तर

इथे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे कसलीही नोंद दिसली की बाहेर, दुसरं म्हणजे "अहो भावकीचं भांडण होतं" म्हणून सगळंच माफ. दोन्ही चूक.

मुलांवरचा किंवा कुठलाही लैंगिक गुन्हा, बालकांची तस्करी, मुलांना ड्रग्ज देणं असल्या प्रकारात शिक्षा झाली असेल किंवा केस चालू असेल तर घ्यायचं नाही, चर्चाच नको. निर्दोष सुटला असेल तर निकालपत्र मागा आणि वाचा, साक्षीदार फितूर झाल्यामुळे सुटका आणि घटनाच खोटी ठरल्यामुळे सुटका यात फरक असतो. बांधावरून मारामारी, आंदोलनातला गुन्हा, प्रतिबंधक कारवाई हे वेगळं, ते किती जुनं आहे आणि काम काय आहे ते बघून ठरवा.

आणि लपवलं का, हे सगळ्यात महत्त्वाचं. सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये हाच विषय बघितला, खरी माहिती देणं उमेदवाराचं काम आहे, पण लपवलेली गोष्ट किती गंभीर आणि कामाशी किती संबंधित हे मालकाने तपासून ठरवायचं. ते प्रकरण सरकारी नोकरीचं असलं तरी शाळेला विचार करायला तीच चौकट बरी पडते. म्हणूनच टप्पा २ चे प्रश्न नेमके लागतात, विचारलंच नसेल तर लपवलं असं म्हणता येत नाही.

निर्णय एकट्या मुख्याध्यापकांनी घेऊ नये, तीन जणांनी बसून, त्यात एक बाई असाव्यात, कारण लिहून. उमेदवाराला बाजू मांडू द्या. आणि ही माहिती स्टाफरूममध्ये जाता कामा नये.

टप्पा ९ : मगच ऑर्डर, आणि एजन्सीचा प्रश्न

ऑर्डर दाखला आल्यावर. अगदीच नड असेल, मुलं वर्गात बाईंविना बसलीयत, तर ऑर्डरमध्ये "सदर नियुक्ती पोलीस चारित्र्य पडताळणी अहवाल समाधानकारक प्राप्त होण्याच्या अधीन राहील" हे वाक्य हवंच, आणि तोवर तो माणूस एकटा मुलांसोबत राहणार नाही, टॉयलेटकडे, बसमध्ये, लॅबमध्ये नाही, हे लिहून द्या आणि कोणी बघायचं त्याचं नाव टाका. शिपाई, सफाई, अटेंडंट यांच्या बाबतीत मी ही सवलतही देणार नाही, त्यांचं कामच एकट्याने फिरायचं असतं. खासगी शाळेत माणूस एकदा कायम झाला की महाराष्ट्राच्या खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्याने आणि १९८१ च्या नियमांनी रीतसर चौकशीशिवाय काढता येत नाही, तेव्हा जे शोधायचं ते आधी.

एजन्सी म्हणते "आमची सगळी मुलं व्हेरिफाइड आहेत" आणि लेटरहेडवर तसं लिहूनही देते. ते पत्र म्हणजे पडताळणी नाही. प्रत्येक माणसाचा दाखला वेगळा मागा आणि वरचे सगळे टप्पे त्यालाही लावा. सिक्युरिटी एजन्सीला २००५ च्या कायद्याप्रमाणे लायसन लागतं आणि गार्डचं चारित्र्य तपासूनच त्याला घ्यायचं असतं, ते लायसन बघा. हाउसकीपिंगवाल्यांना तो कायदा लागूच होत नाही, म्हणजे तिथे तुम्ही बघितलं नाही तर कोणीच बघत नाही.

करारात दोन अटी घाला : शाळेने आधी मान्य केलेल्या नावांशिवाय कोणी येणार नाही, आणि बदली माणूस आला तर गेटवरून परत. सुट्टीवर गेलेल्या मावशीच्या जागी एजन्सी सकाळी कोणालाही पाठवते, त्या दिवशी गेटवरच्या माणसाकडे फोटोसहित मान्य यादी नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

टप्पा १० : फाइल आणि पुन्हा तपासणी

एका माणसाची एक फाइल, कुलपात, चावी दोघांकडेच. आत फॉर्म, स्वयंघोषणा, कागदांच्या प्रती, फोनच्या नोंदी, ई-कोर्ट शोधाची तारीख, दाखला, निर्णयाचा कागद. निवड न झालेल्यांचे कागद परत द्या किंवा फाडून टाका.

नियमात ठरावीक काळाने असं म्हटलंय. माझं मत, कायम स्टाफची दर तीन वर्षांनी, कंत्राटी आणि बसवाल्यांची दर वर्षी, एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जूनमध्ये गडबड नको. स्वयंघोषणा मात्र दर वर्षी सगळ्यांची, मुख्याध्यापकांसकट. वीस वर्षं झालेल्या सरांना वाईट वाटतं, तर सगळ्यात आधी मुख्याध्यापकांनी आणि संस्थेच्या सचिवांनी स्वतःची भरून नोटीस बोर्डजवळ सगळ्यांसमोर जमा करावी, मग कोणी काही म्हणत नाही.

मधेच काही कळलं, कुठल्या पालकाने सांगितलं, मूल काही बोललं, तर पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही आणि शाळेत चौकशी समिती नेमून वेळ घालवायचा नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे सरळ पोलिसांना कळवायचं, ११२ ला किंवा ठाण्यात, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा प्रकार कळवला नाही तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत शिक्षा आणि दंड आहे. ही दोन्ही कलमं आणि हे नंबर छापून त्याच कुलपातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, म्हणजे त्या दिवशी शोधत बसावं लागणार नाही.